वाचकांचे प्रश्न : अख्ख्या धान्याचे शाकाहारी कॅसरोल

मागील अंकात उरलेल्या भाज्यांविषयी लिहिताना “ज्वारी अख्खी शिजवून तिचे कॅसरोलही उत्तम होते” असे एक वाक्य ओघात लिहिले होते. त्या वाक्याचा खुलासा मागणारी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न निवडून या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्या उत्तरांसाठी दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरी कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवण्याचा डबा. आपण म्हणता तो पदार्थ नेमका कोणता आणि अख्ख्या ज्वारीचा तो कसा करावा? घरी लहान ओव्हन आहे आणि जेवणारी माणसे पाच आहेत. (एक वाचिका, नाशिक)

आपला गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. कॅसरोल हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ शिजवण्याचे पातेले असा आहे. पुढे त्या भांड्यात ओव्हनमध्ये भाजून त्याच भांड्यातून वाढला जाणारा पदार्थही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत १९१५ साली पायरेक्सची ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी बाजारात आली आणि असे पदार्थ भांड्यासकट टेबलावर मांडणे सोपे झाले. आपल्याकडे मात्र हे नाव पोळ्यांच्या डब्याला चिकटले. तो डबा बहुधा प्लास्टिकचा असतो आणि ओव्हनमध्ये वितळतो, म्हणून तो या कामासाठी कदापि वापरू नये. ओव्हनसाठी बनवलेले काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे, दोन ते अडीच लिटर मावेल असे पसरट भांडे घ्यावे.

आता कृती पाहू. २०० ग्रॅम ज्वारी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालावी. मालदांडी मिळाली तर फारच चांगले, कारण तिचे दाणे टपोरे असतात आणि शिजल्यावरही आकार धरून राहतात. सकाळी भिजवलेले पाणी टाकून द्यावे, तिप्पट ताजे पाणी आणि थोडे मीठ घालून ज्वारी कुकरमध्ये ठेवावी, आणि पहिली शिट्टी झाली की आच मंद करून आणखी अर्धा तास शिजू द्यावी. कुकरची वाफ आपोआप जिरल्यावर एक दाणा बोटांत दाबून पाहावा. तो सहज चेपला गेला पाहिजे आणि मध्यभागी पांढरा कोरडा ठिपका दिसता कामा नये. ठिपका दिसल्यास पुन्हा दहा मिनिटे शिजवावी. उरलेली पेज फेकू नये, कारण पुढे रस आळण्यासाठी तिचाच उपयोग होणार आहे.

ज्वारीबरोबर कडधान्य हवेच. धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते आणि डाळी-कडधान्यांत ते पुरेसे असते. उलट कडधान्यांत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते, आणि ती उणीव धान्य भरून काढते. आपली वरणभाताची आणि पिठलेभाकरीची जोडी याच तत्त्वावर उभी आहे. कॅसरोलसाठी १०० ग्रॅम मटकीला मोड आणून ती अर्धवट वाफवून घ्यावी. अडीचशे ग्रॅम लाल भोपळ्याच्या बोराएवढ्या फोडी कराव्यात आणि एक लहान जुडी पालक जाडसर चिरावा. दोन चमचे तेलात जिरे, चिमूटभर ओवा, ठेचलेला लसूण आणि दोन बारीक चिरलेले कांदे सोनेरी होईपर्यंत परतावेत. त्यावर चार मोठ्या टोमॅटोंचा रस, हळद, तिखट आणि दीड चमचा काळा मसाला घालून तेल सुटेपर्यंत शिजवावे. मग भोपळा, मटकी आणि पेज व पाणी मिळून दीड वाटी घालून पाच मिनिटे उकळावे. शेवटी ज्वारी आणि पालक मिसळून मीठ चाखून पाहावे. हे मिश्रण सैलसर खिचडीएवढे पातळ दिसले पाहिजे. चमच्याने एका बाजूला सारले असता मोकळ्या जागी रस साचला, तर प्रमाण बरोबर आहे असे समजावे.

वरच्या थरासाठी पावाचा चुरा घालण्याची पद्धत आहे, परंतु मला कालच्या ज्वारीच्या भाकरीचा चुरा अधिक आवडतो. एका भाकरीचा हाताने जाडसर चुरा करून त्यात दोन चमचे तीळ, मूठभर दाण्याचे जाडसर कूट आणि चमचाभर तेल चोळावे. मिश्रण तेल लावलेल्या भांड्यात ओतून त्यावर १०० ग्रॅम कुस्करलेले पनीर आणि त्यावर हा चुरा पसरावा. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापल्यावर भांडे फॉइलने झाकून पंचवीस मिनिटे आणि झाकण काढून आणखी पंधरा मिनिटे भाजावे. कडांना रस बुडबुडू लागला आणि वरचा चुरा तांबूस झाला म्हणजे भांडे बाहेर काढावे. पण लगेच वाढण्याची घाई करू नये. पंधरा मिनिटे थांबल्यास रस दाण्यांत मुरतो आणि चौकोनी वडी निघावी इतके मिश्रण धरून येते.

प्रश्न : दोनदा प्रयत्न केला. दाणे कडक राहिले, वरचा थर करपला आणि सगळे कोरडे झाले. ज्वारी चार तास भिजवून सरळ टोमॅटोच्या रसात मिसळली आणि एक तास भाजली. चूक कोठे झाली? (एक वाचक, लातूर)

आपण ओव्हनला जे काम दिले ते ओव्हनचे नाही. भांड्यात ओलावा असेपर्यंत मिश्रणाच्या आतील उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे, म्हणजे १०० अंशांपलीकडे, जात नाही. बाहेर १८० अंश असले तरी आतल्या दाण्याला ते मिळत नाहीत. याउलट कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि अख्खा दाणा त्यात लवकर शिजतो. त्यातच ओव्हनमधील कोरडी हवा पृष्ठभागावरचे पाणी सतत उडवत राहते. दाणे पाणी पिण्याआधीच ते निघून जाते, वर करपते आणि आत कच्चे राहते. म्हणून अख्ख्या धान्याच्या कॅसरोलमध्ये धान्य आधी पूर्ण शिजलेले असावे, हा नियम मी कधीही मोडत नाही. ओव्हनने फक्त चवी एकत्र आणाव्यात आणि वरचा थर खमंग करावा.

दुसरे कारण टोमॅटो हे आहे. आंबट रसात दाण्यांच्या आणि कडधान्यांच्या पेशीभित्तिका लवकर सैल होत नाहीत, त्यामुळे टोमॅटो, चिंच, आमसूल किंवा ताक हे सर्व धान्य मऊ झाल्यावरच घालावे. चिंचेचा कोळ आधी घातला तर आमटीतले कडधान्य शिजत नाही, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊकच असते, आणि इथेही नेमके तेच घडते.

तिसरी शक्यता आपल्या पाण्याची आहे. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे कडधान्ये शिजायला फार वेळ घेतात. शक्य असल्यास भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी गाळणयंत्राचे किंवा पावसाचे साठवलेले स्वच्छ पाणी वापरून पाहावे. अनेक जण अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. त्याने दाणे मऊ होतात खरे, परंतु थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते आणि जरा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, म्हणून मी तो सुचवत नाही. ज्वारी जुनी असेल तर भिजवण्याचा वेळ बारा तासांपर्यंत न्यावा. उन्हाळ्यात मात्र इतक्या वेळात पाणी आंबते, तेव्हा भांडे फ्रीजमध्ये ठेवावे.

कोरडेपणाविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिजलेले अख्खे धान्य भाजताना आणि भाजून झाल्यावरही रस शोषत राहते. त्यामुळे ओव्हनमध्ये जाताना जे “अगदी बरोबर” दिसते ते ताटात कोरडे लागते आणि जे किंचित पातळ दिसते ते बरोबर लागते. हा अंदाज एकदा आला की मापाची गरज उरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही आणि रोजच्या जेवणात उकडा तांदूळ असतो. हा पदार्थ चुलीवर किंवा गॅसवर होईल का? (एक वाचिका, कुडाळ)

नक्की होईल, आणि त्यासाठी आपल्याला बाहेरून काही शिकण्याचीही गरज नाही. आपल्या भागात तवसाचे धोंडस, म्हणजे काकडीचा केकसारखा पदार्थ, करताना टोपाखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवतात. दोन्ही बाजूंनी उष्णता देण्याची ही रीत ओव्हनचेच काम करते. रायगडातील पोपटीही पाहावी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा थर देऊन भरायच्या, मडके पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. बंद भांड्यात स्वतःच्याच वाफेवर अन्न शिजवण्याची कला कोकणाला चांगली अवगत आहे.

चूल असेल तर धोंडसाप्रमाणेच निखारे ठेवावेत. गॅसवर जाड बुडाचे पातेले किंवा बिडाची कढई घट्ट झाकणासह लोखंडी तव्यावर ठेवावी आणि अगदी मंद आचेवर पंचवीस मिनिटे मुरू द्यावी. वरचा थर अशा वेळी खमंग होत नाही, म्हणून चुरा कढईत वेगळा भाजून वाढताना पसरावा. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून त्यात मीठ किंवा वाळू तापवून भाजण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. कुकर कोरडा तापवणे त्याच्या धातूला आणि झाकणाला हानिकारक असल्याने मी ती टाळते.

उकडा तांदूळ लाल, कमी सडलेला असेल तर त्यावर कोंडा बराचसा शाबूत असतो आणि तो या पदार्थाला फार शोभतो. तो भिजवून, भरपूर पाण्यात पूर्ण शिजवून निथळून घ्यावा. बरोबर शिजवलेली चवळी, फणसाची कोवळी भाजी किंवा दुधी घ्यावा, आणि टोमॅटोऐवजी नारळाचे दुसरे दूध, हिरवी मिरची, आले व धने यांचा रस करावा. आपसे दूध, म्हणजे पहिले घट्ट दूध, शेवटच्या पाच मिनिटांतच वरून घालावे. ते खदखदू दिले तर फुटते. आमसुले वाढण्याच्या वेळी सोलकढीत असू द्यावीत, भांड्यात घालू नयेत.

प्रश्न : इथे मिनेसोटात सामुदायिक जेवणाला प्रत्येक जण “हॉटडिश” आणतो. त्यात जवळजवळ नेहमी मांस आणि डब्यातले सूप असते. स्थानिक धान्य वापरून शाकाहारी हॉटडिश कशी करावी? (एक वाचिका, मिनीॲपोलिस)

आपण ज्या प्रदेशात राहता तिथे कॅसरोलला हॉटडिश म्हणतात आणि तिथले एक धान्य या पदार्थासाठी अतिशय योग्य आहे. ते म्हणजे वाइल्ड राइस. नावात तांदूळ असला तरी ते आपल्या भाताच्या वंशाचे नाही. सरोवरांच्या उथळ पाण्यात वाढणाऱ्या झिझानिया या गवताचे ते बी आहे. तिथले मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक त्याला मनूमिन म्हणतात, होड्यांतून ते झोडून गोळा करतात आणि त्याला पवित्र मानतात. त्यांनी सरोवरातून काढलेले हातसुगीचे धान्य मिळाले तर तेच घ्यावे. ते शेतात लावलेल्या काळ्या कुळकुळीत धान्यापेक्षा बहुधा लवकर शिजते आणि त्याला भाजणीची आठवण करून देणारा धुरकट सुवास असतो. एक वाटी धान्य चार वाट्या पाण्यात शिजायला ठेवावे आणि वीस मिनिटांनंतर पाहत राहावे. शेतातल्या धान्याला पाऊण ते एक तास लागतो. दाणे लांबीत उकलले आणि आतला फिकट भाग दिसू लागला की उतरवून निथळावे.

डब्यातल्या मशरूम सूपचे काम घरच्या पांढऱ्या रसाने अधिक चांगले होते. अडीचशे ग्रॅम मशरूम पाणी आटून तांबूस होईपर्यंत लोण्यात परतावेत. त्यावर दोन मोठे चमचे कणीक भाजावी, दोन कप दूध हळूहळू घालत ढवळावे आणि मिरपूड व जायफळ घालून दाट करावे. यात शिजलेले धान्य, उकडलेला राजमा, गाजर, सेलरी आणि फरसबी मिसळून आधी सांगितल्याप्रमाणेच भाजावे. पीठ घालून दाट केलेले दूध भाजीच्या थोड्याशा आंबटपणाने सहसा फुटत नाही, पण टोमॅटो यात घालूच नये.

धान्य घेताना एक काळजी घ्यावी. दुकानात जव दोन प्रकारचे मिळतात. “पर्ल्ड” म्हणजे घासून गुळगुळीत केलेले जव अर्ध्या तासात शिजतात, पण त्यांचा कोंडा गेलेला असतो, म्हणून त्यांना अख्खे धान्य म्हणता येणार नाही. “हल्ड” जवाचे फक्त बाहेरचे टरफल काढलेले असते आणि त्याला सुमारे तास लागतो. इटालियन दुकानांत फारो नावाने जे धान्य विकले जाते ते बहुतेकदा आपला खपली गहूच असतो. सांगली-साताऱ्याकडे आपण ज्याची खीर करतो तेच हे धान्य. तेही अर्धवट घासलेले असते, तेव्हा पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा.

शाकाहाराच्या दृष्टीने तीन ठिकाणी विशेष लक्ष ठेवावे लागते. डब्यातल्या सूपांत कोंबडीचा अर्क असू शकतो, वूस्टरशर सॉसमध्ये पारंपरिकरीत्या मासे असतात आणि पार्मेझानसारखी चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, वापरून बनवलेली असतात. सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून मिळवलेले रेनेट असलेली चीज तिथे सहज मिळतात, तीच घ्यावीत.

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे आणि पुतण्याला सीलिॲक आजारामुळे ग्लुटेन (गव्हा-जवातील एक प्रथिन) वर्ज्य आहे. खपली गव्हाचे कॅसरोल दोघांनाही चालेल असे दुकानदार म्हणाले. ते खरे आहे का? (एक वाचिका, पुणे)

पुतण्यासाठी ते मुळीच खरे नाही, आणि हे मी अत्यंत आग्रहाने सांगते. खपली हा गव्हाचाच एक प्राचीन प्रकार आहे आणि त्यात ग्लुटेन असते. काहींना तो पचायला हलका वाटतो, पण सीलिॲक असलेल्या मुलाच्या आतड्याला त्यामुळे इजा होते. जव, लापशी रवा आणि दलिया यांनाही हेच लागू आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते, तेव्हा ज्वारीचे कॅसरोल त्याला देता येईल. परंतु ज्वारी ज्या गिरणीत किंवा दुकानात गव्हाबरोबर हाताळली जाते तिथून ती घेऊ नये, आणि घरी निवडताना गव्हाचा एकही दाणा राहू देऊ नये. हिंगाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. बाजारातील डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणून घटकांची यादी वाचावी किंवा हिंग वगळावा. पांढरा रस दाट करायला कणकेऐवजी ज्वारीचे पीठ वापरावे. ते लवकर गुठळ्या धरते, म्हणून आधी गार दुधात कालवावे.

सासऱ्यांच्या बाबतीत अख्खा दाणा पिठापेक्षा हळू पचतो, ही त्याची जमेची बाजू आहे. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात आणि पॉलिशच्या तांदळात तीनच्या आसपास. पण त्याच १०० ग्रॅम कच्च्या ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकेही असतात, त्यामुळे “ज्वारी आहे, कितीही चालेल” हा समज चुकीचा आहे. त्यांच्यासाठी भांड्यात धान्य कमी करून मटकी आणि पालेभाजी वाढवावी, वाढताना एक वाटीचे माप ठेवावे आणि सोबत पोळी किंवा भात देऊ नये. त्यांच्या डॉक्टरांनी आखून दिलेला आहार मात्र माझ्या सल्ल्यावरून बदलू नये.

प्रश्न : दोघेही नोकरी करतो. रात्री तयारी करून सकाळी डब्यासाठी भाजता येईल का आणि उरलेले किती दिवस टिकते? (एक वाचक, ठाणे)

रात्री भांडे भरून, चुऱ्याशिवाय, झाकून फ्रीजमध्ये ठेवता येते. रात्रभरात दाणे रस पितात, म्हणून सकाळी अर्धी वाटी गरम पाणी किंवा पेज शिंपडावी, चुरा तेव्हाच पसरावा आणि भाजण्याचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवावा. फ्रीजमधले काचेचे भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सारल्यास तडकू शकते. ते अर्धा तास बाहेर ठेवावे, किंवा अशा वेळी स्टीलचे भांडे वापरावे. ओव्हन मायक्रोवेव्हसह असेल तर भाजताना केवळ कन्व्हेक्शनच, म्हणजे गरम हवेने भाजण्याची सोयच, चालू आहे याची खात्री करून मगच फॉइल किंवा स्टील आत ठेवावे.

उरलेले कॅसरोल ओट्यावर तासन्‌तास राहू देऊ नये. शिजलेल्या भातात आणि धान्यात उष्णतेलाही दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणू उरतात आणि कोमट तापमानात ते झपाट्याने वाढतात. पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवल्यास ते तीन दिवस चांगले राहते. पालक घातलेले असेल तर मी दोनच दिवस ठेवते, कारण तिसऱ्या दिवशी त्याची चव उतरते. फ्रीजरमध्ये वड्या कापून ठेवल्या तर दोन महिने टिकतात. खाण्याच्या आदल्या रात्री त्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवाव्यात आणि सकाळी चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, मध्यभागातून वाफा निघेपर्यंत गरम कराव्यात.